पाच तासांची ऊब

११ जानेवारी
सकाळी सात चाळीसला दोन नंबरचं इंजिन बंद पडलं. आमच्या केंद्रातली इंजिनं गॅसवर वीज करतात आणि त्यांच्याच उष्णतेवर सगळ्या वसाहतीला गरम पाणी जातं. एक इंजिन गेलं की वीज निम्मी, ऊबही निम्मी. वीज बाहेरून घेतली. ऊब कुठून आणणार? जादा बॉयलर गार पडलेला. तापायला पाच तास.

वाटणी ठरवणं माझं काम. इस्पितळ आधी; उरलेली ऊब जवळपास त्यालाच लागते. शाळा, कचेऱ्या, घरं – सगळी बंद केली तरी भागेना. राहिला वृद्धाश्रम. बाहेर उणे सहा.

बॉयलरवाले काका व्हॉल्व्हवर हात ठेवून थांबले. "बाई, तिथं तुमचे वडील आहेत."

"माहीत आहे. बंद करा."

अप्पांना फोन केला. म्हणाले, "दोन स्वेटर चढवलेत, वर तुझ्या आईची शाल. अस्वल दिसतोय नुसता. तू तुझं काम कर."

१२ जानेवारी
अप्पांना खोकला.

१५ जानेवारी
न्यूमोनिया. अप्पांना इस्पितळात हलवलं. खोली छान उबदार – माझ्याच वाटणीच्या तक्त्याप्रमाणे.

"किती वाजेपर्यंत बंद होतं गं?"

"पाऊण वाजेपर्यंत."

"आम्ही पत्ते मांडले होते. दोन डाव जिंकलो." एवढं बोलतानाही धाप लागत होती. मी पांघरूण सारखं करत बसले. सारखंच होतं ते.

१८ जानेवारी
अप्पा गेले.

२४ जानेवारी
दादाबरोबर आश्रमातली खोली रिकामी केली. चष्मे तीन, तिन्ही मोडके. दादानं पेटी बांधली. गाडीत बसताना म्हणाला, "त्यांना तुझ्या घरी नेता आलं नसतं?" माझं घरही तितकंच गार होतं. सांगितलं नाही. सांगून काय होणार?

२ फेब्रुवारी
ऊब बंद केल्याची चौकशी झाली. इस्पितळाचे मोठे डॉक्टर स्वतः आले होते. त्या सकाळी नऊ नवजात बाळं होती, दोन ऑपरेशनं चालू होती. "बाईंनी काळजावर दगड ठेवून योग्य तेच केलं," म्हणाले. समितीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या केंद्राच्या साहेबांनी पाणी पुढे केलं. इतक्या मायेनं बघत होते सगळे, की मान वर करवेना.

काका बाहेर भेटले. "मला विचारलं नाही कोणी. विचारलं तरी बोलणार नाही."

मी घरी आले. जेवले नाही.

३ फेब्रुवारी
कोणी न बोलावता समितीपुढे गेले. सांगितलं – जादा बॉयलर हिवाळाभर तापता ठेवायची पद्धत होती. गॅस वाचावा म्हणून तो गार ठेवायचा प्रस्ताव माझा. काकांनी तेव्हाच 'नको' म्हटलं होतं.

आता दादाला सांगायचंय.