एक इंच उंचीची अक्षरे

प्रति,
मा. शेरीफसाहेब,
मार्लो काउंटी,
कोर्ट चौक, डनवूड, टेक्सस.

अर्जदार : सौ. ओडेल ब्रॅशर, वय ६३, धंदा भोजनगृह, राहणार रेल्वे फाटकासमोर, डनवूड.

विषय : श्री. हॉलिस ग्रिग्ज यांना कमरेला पिस्तूल असताना डनवूड गावात कोठेही टेकू न देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज, ज्यांची पोचही मिळालेली नाही. २) डेप्युटी श्रीमती रोखास यांची दि. ४ मार्चची भेट.

महोदय,

१. अर्जदार ही आपले यजमान श्री. विल्बर्न ब्रॅशर यांच्यासह गेली अठ्ठावीस वर्षे वरील ठिकाणी भोजनगृह चालवीत आहे. जागा दोघांच्या नावे निम्मी-निम्मी आहे. ही गोष्ट सुरुवातीलाच नमूद केली आहे, कारण पुढे घोडे तिथेच पेंड खाते.

२. मंगळवार, दि. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी सकाळी दहाच्या सुमारास श्री. ग्रिग्ज, गुरांच्या लिलावाच्या कामातून निवृत्त, हे न्याहारी आटोपून भोजनगृहाच्या शौचालयात गेले. आपले पिस्तूल त्यांनी दाराच्या आतल्या खुंटीवर टांगले. टोपी टांगावी तसे, चापाभोवतीच्या कडीत खुंटी घालून. निघताना त्यांनी ते खाली ओढले. खुंटीने चाप दाबला. गोळी पातळ भिंतीतून स्वयंपाकघरात आली. तिथे अर्जदाराचे यजमान पेकनच्या पाईची कड डाव्या हाताने चिमटीत उभे होते. तर्जनी आणि मधले, अशी दोन बोटे गेली. श्री. ग्रिग्ज अर्धवट पट्ट्यानिशी बाहेर आले, त्यांनी पिठातले रक्त पाहिले आणि म्हणाले, "असं होतं कधीकधी." हे शब्द जसेच्या तसे दिले आहेत. त्यानंतर आजतागायत या विषयावर त्यांनी दुसरा शब्द काढलेला नाही.

३. ती बोटे कोणती होती हे साहेबांना वेगळे सांगायला नको, तरी नोंद राहावी म्हणून लिहिले आहे. यजमानांनी एकतीस वर्षे दर शनिवारच्या नाचाला व्हायोलिन वाजवले. शेजारी गिटारवर हेच श्री. ग्रिग्ज असत. यजमानांची ती दोन बोटे तारेवर अशी उतरत, जशी चिमणी हलक्या डहाळीवर उतरते आणि डहाळी हलतही नाही. त्या बोटांवर या काउंटीतली निम्मी लग्ने जुळली. आपले जुळले, साहेब, तेव्हा अर्जदार त्याच दालनात लिंबूसरबत वाटत होती आणि आपल्या बुटाखाली आपल्या पत्नीचा पाय तीनदा आलेला तिने पाहिला आहे. खुद्द अर्जदाराला यजमानांनी मागणी घातली ती तोंडाने नव्हे, त्याच बोटांनी. आता व्हायोलिन पेटीत आहे. आपल्या कार्यालयाने या सगळ्यावर "अपघात" एवढा एक शेरा मारून कागद बंद केला.

४. यजमान इस्पितळातून घरी आले त्या दिवशी श्री. ग्रिग्ज यांनी बारा तास धुरावर शिजवलेला गोमांसाचा आख्खा तुकडा कागदात बांधून आणला आणि पायरीवर ठेवून गेले. यजमान म्हणाले, "अगं, हॉलिसला बोलता येत नाही. तो मांस भाजतो. ही त्याची माफी आहे." अर्जदाराने ती माफी कातरून खळ-भुशाच्या दुकानातल्या दोन कुत्र्यांना घातली. कुत्र्यांना आवडली.

५. त्यानंतर अर्जदाराने कायद्याचा मार्ग धरला. तो असा :

प्रथम तिने दारावर पुठ्ठा लावला : "बंदूक बाहेर ठेवा, भूक आत आणा." श्री. ग्रिग्ज यांनी तो वाचला, आत आले, कॉफी मागितली आणि म्हणाले, "ओडेलबाई, ही कायद्याची भाषा नाही. हे उशीवरचं भरतकाम झालं." चौकशीअंती हे खरे निघाले. मनाईचे वाक्य कायद्यात जसे छापले आहे तसेच हवे, काना-मात्रा न बदलता.

मग अर्जदाराने ते वाक्य आपल्या हाताने रंगवले. तीन संध्याकाळी लागल्या. श्री. ग्रिग्ज यांनी खिशातून पोलादी पट्टी काढून अक्षरे मोजली. अक्षर एक इंच उंच हवे. अर्जदाराचे एक अष्टमांश इंचाने बुटके होते. "अजून जरा वाढायला हवीत लेकरं," असे म्हणून ते आत आले. इंच भरला तर कायद्याला हवा तो स्पॅनिश मजकूर नव्हता. स्वयंपाकीण एस्टेला हिने स्पॅनिश पडताळून दिला तर रंग उठून दिसत नव्हता, कारण अर्जदाराने दुधी पाटीवर तपकिरी वापरला होता. "कॉफीत कॉफी सांडलीय, ओडेलबाई. काय वाचणार माणूस?" अर्जदाराने पांढऱ्यावर काळा केला. दुसऱ्या दिवशी श्री. ग्रिग्ज शर्ट खोचून, पिस्तूल चांगले दिसेल असे लावून आले. म्हणाले, "हा फलक लपवून बाळगणाऱ्यांसाठी आहे. मी कुठं लपवलंय?" उघड्यासाठी कलम निराळे, फलक निराळा. परवाना नसलेल्यांसाठी तिसरा. श्री. ग्रिग्ज यांच्याकडे परवाना आहे, पण अर्जदाराने तिसराही लावला. आता ती कोणाला फट सोडणार नव्हती.

असे तीन फलक, प्रत्येक दोन भाषांत, अक्षरे दोन इंच. दार आणि दोन्ही खिडक्या भरून गेल्या. भर दुपारी आत दिवे लावावे लागतात. मागील महिन्यात एक ट्रकवाला आत येऊन टोपी काढून उभा राहिला आणि गाडीचा कर कोणत्या खिडकीवर भरायचा असे विचारू लागला. त्याला अर्जदाराने अंडी खाऊ घालून पाठवले.

६. दि. ४ मार्च रोजी श्री. ग्रिग्ज नेहमीप्रमाणे साडेनऊला पिस्तुलासह आत आले. अर्जदाराने फोन केला. डेप्युटी रोखास आल्या. त्यांनी गुडघे टेकून अक्षरे मोजली, दोन्ही भाषा वाचल्या आणि म्हणाल्या, "ओडेलबाई, सगळ्या काउंटीत इतकं बिनचूक दार नाही." दीड वर्षात अर्जदाराच्या कानांना असे गोड काही लागले नव्हते. या दिवसासाठी तिने चर्चला जातानाची कर्णफुले घातली होती, हेही लपवीत नाही. श्री. ग्रिग्ज यांनी कप खाली ठेवला. तेवढ्यात यजमान हात पुसत बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "हॉलिसला मी बोलावलंय. निम्मी जागा माझी आहे. बस रे, हॉलिस." डेप्युटींनी वही मिटली. म्हणाल्या, "मालकच या म्हणतोय, बाई. मी कुणाला धरू? तुमच्या नवऱ्याला?" अर्जदाराने त्यावर क्षणभर विचार केला, हे त्यांनी पाहिले असावे.

७. ज्या अर्थी निम्मी जागा यजमानांची, त्या अर्थी निम्मी अर्जदाराची. दि. ८ मार्च रोजी पहाटे अर्जदाराने भोजनगृहाच्या मधोमध जमिनीवर पिवळी चिकटफीत लावून वाटणी केली. खिडकीकडची पाच टेबले यजमानांना दिली. गल्ला, पाईचे कपाट आणि शौचालय अर्जदाराच्या निम्म्यात आले. फीत तिने दोनदा मोजून लावली होती. श्री. ग्रिग्ज यजमानांच्या निम्म्यात बसले. त्या दिवशी अर्जदाराने स्वतः त्यांचा कप चार वेळा भरला, न मागता. पावणेबारापर्यंत ते मांडीवर मांडी बदलत राहिले. फितीपाशी दोनदा आले. भोजनगृहात चौदा माणसे होती आणि चमचा वाजत नव्हता. शेवटी टोपी घालून ते पलीकडच्या पेट्रोलपंपावर गेले. जाताना पळाले नाहीत, पण चाललेही नाहीत. अर्जदार त्या दुपारी गाणे गुणगुणत होती.

८. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी एप्रन खुंटीला लावला. म्हणाले, "ज्या घरात माझ्या माणसाला मोरी नाही, त्या घरात मीही गिऱ्हाईकच झालो, ओडेल. आणि इथली कॉफी मला परवडत नाही." तेव्हापासून ते रोज नऊला पंपावर जातात, यंत्रातली कॉफी पितात, दुपारी परत येऊन मुकाट्याने पाई भाजतात. बारा दिवस झाले. घरात पळीचा आवाज होतो, माणसाचा होत नाही.

गेल्या सोमवारी अर्जदाराने खिडकीवरच्या दोन पाट्यांमधल्या फटीतून पंपाकडे पाहिले. भिंतीशी दोन पालथ्या खोक्यांवर ते दोघे बसले होते. यजमानांच्या हनुवटीखाली व्हायोलिन होते. उजव्या हातात गज. आणि तारांवरची बोटे श्री. ग्रिग्ज यांची होती. ते मागून यजमानांना बिलगून, खांद्यावरून डावा हात पुढे घालून, यजमान सांगतील तिथे तार दाबत होते. "वर. अजून वर. हॉलिस, ती बैलाची शेपूट नाही, हळू धर." एका वाद्याला दोन माणसे, आणि सूर निघत होता तो रखडलेल्या फाटकासारखा. तरी कोणते गाणे आहे ते अर्जदाराला कळले. तिच्या मागणीचेच होते.

हे वाचून साहेबांना वाटेल की अर्जदाराला पाझर फुटला. फुटला नाही. संताप आला. ज्याने चोरी केली त्यानेच ती वस्तू रोज तासभर उसनी आणून द्यावी, आणि घरधन्याने त्याचे आभार मानावेत. शिवाय इतके बिलगून बसल्यामुळे पिस्तुलाची मूठ यजमानांच्या बरगडीत रुतत होती. यजमान दर चार सुरांमागे अंग आक्रसून घेत होते. श्री. ग्रिग्ज यांच्या ते ध्यानातही नव्हते. त्या पिस्तुलाने बोटे नेली आणि आता ते बरगडी मागते आहे. त्या रात्री यजमान झोपल्यावर अर्जदाराने त्यांचा शर्ट वर करून पाहिले. नाण्याएवढे नव्हे, बशीएवढे निळे पडले होते.

९. सबब अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे आहे.

पंपाच्या मालकाला सांगून तिथे मनाईचे फलक लावावेत. ते अर्जदाराने रंगवून तयार ठेवले आहेत. तसेच केशकर्तनालय, खळ-भुशाचे दुकान, धुलाईघर, गुरांच्या डॉक्टरांची ओसरी आणि टायरवाला यांचेही तयार आहेत. एकूण अठरा पाट्या, अक्षरे दोन इंच, एकही बुटके नाही. डेप्युटी म्हणतात की दुसऱ्याच्या दारावर फलक लावायला लावण्याचा अधिकार साहेबांना नाही. ते खरे असेल. पण साहेबांनी टोपी काढून विनंती केली तर या गावात कोण नाही म्हणेल? निवडणूक नोव्हेंबरात आहे. अर्जदाराकडे रोज सकाळी साठ माणसे न्याहारी करतात आणि तिच्या दारावर अजून एक पाटी मावते. तिच्यावर कोणाचे नाव लिहायचे हे अर्जदाराने अद्याप ठरवलेले नाही.

अर्जदाराला श्री. ग्रिग्ज यांना तुरुंगात पाहायचे नाही. तुरुंगात त्यांना कोणीतरी जेवण नेऊन देईल, आणि ते कोण हे अर्जदार जाणते. तिला पाहायचे आहे ते एवढेच : त्यांनी सकाळी दहा वाजता, भोजनगृह भरलेले असताना, आपल्या हाताने ते पिस्तूल कमरेवरून उतरवावे, गाडीच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावावे, आणि मोकळ्या कमरेने रस्ता ओलांडून यावे. चौदा माणसांनी चमचे खाली ठेवून ते पाहावे. यजमानांनी पाहावे. श्री. ग्रिग्ज यांची कंबर हलकी झालेली सगळ्यांना दिसावी आणि त्यांना ती जड वाटावी. पुन्हा दुसऱ्या दिवशी तसेच. रोज. जोवर ते जिवंत आहेत किंवा अर्जदार आहे तोवर.

तसे घडल्यास अर्जदार फीत काढून टाकील. शौचालय खुले राहील. खिडक्यांवरच्या चार पाट्या काढून उजेड आत घेतला जाईल, दारावरच्या राहतील. स्वयंपाकघराच्या दाराशी दोन खुर्च्या जवळजवळ ठेवता येतात आणि तिथे लाकडी भिंतींमुळे सूर जरा बरा लागतो. पाई मिळेल, तुटक्या कडेची. अर्जदार श्री. ग्रिग्ज यांच्याशी बोलणार नाही. तशी सक्ती कोणत्याही कलमात नाही, तिने सगळी वाचली आहेत.

या अर्जाचे उत्तर आठ दिवसांत न आल्यास सहावा अर्ज अर्जदार स्वतः घेऊन येईल आणि आपल्या कचेरीत उभी राहून मोठ्याने वाचील.

आपली नम्र, आणि अद्याप आपली मतदार,

(सही) ओडेल ब्रॅशर
डनवूड, दि. २१ मार्च २०२४

सोबत : १) अठरा पाट्यांची यादी, मापांसह. २) फितीने केलेल्या वाटणीचा नकाशा. ३) यजमानांच्या बरगडीचे छायाचित्र, झोपेत काढलेले. ४) पोलादी पट्टी, श्री. ग्रिग्ज टेबलावर विसरले ती. परत करू नये.

सहमालकाची सही : श्री. विल्बर्न ब्रॅशर यांनी सही करण्यास नकार दिला. सहीच्या जागी त्यांनी पेन्सिलीने पुढील मजकूर लिहिला आहे :

"अर्ज पंपावर नेऊन हॉलिसला वाचून दाखवला. नववा परिच्छेद त्याने दोनदा वाचायला लावला. गाडी कुठे उभी करायची ते विचारतोय."

अर्जदाराचा खुलासा : वरील मजकुरामुळे अर्ज मागे घेतला असे समजू नये. गाडी दारासमोर, रस्त्यापलीकडे उभी करावी. तोंड खिडकीकडे.