टेबलाखालचं मीठ

प्रिय चिमणे,

शनिवारची जेवणावळ मी बंद केलेली नाही, हे तुला शेजारच्या शिंपीकाकांकडून कळलंच असेल. उकडलेला दुधी, बार्लीची पेज, वर वाफवलेला पाला, सगळं अळणी. तू फोनवर वैतागून म्हणालीस, बाबा गेले, आता पथ्य कुणाचं? बरोबर आहे तुझं. पण मी चमचाभर मीठ घेऊन पातेल्यापाशी उभी राहते आणि हात पुढे जात नाही. ते एकदा पडलं, की बाबा या घरात जेवत होते याची शेवटची खूणही विरघळली.

आठवतं, शिंपीकाका पहिल्यांदा जेवले तेव्हा घास तोंडात धरून छताकडे बघत बसले होते? बाबा म्हणाले, नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, आमच्याकडे आवडतीचंही तसंच, गिळा आता! पुढे मात्र दर शनिवारी सगळे ताटं चाटूनपुसून उठायला लागले. मीही मिरवायची, बघा, सवय झाली की पथ्याचंही गोड लागतं. बाबा टेबलाखालून मिठाची डबी फिरवतात, हे मला ठाऊक नाही असं तुम्हा बापलेकींना वाटायचं. अगं, ती डबी भरत कोण होतं? स्वतः मात्र त्यांनी कधी चिमूटभरही घेतलं नाही. पाहुण्यांना चव द्यायची आणि आपण माझ्याबरोबर अळणी खायचं.

गेल्या शनिवारी शिंपीकाकांनी एक घास घेतला आणि बोलता बोलता त्यांचा हात टेबलाखाली गेला, बाबांच्या खुर्चीकडे. शिंपीकाकूंचाही गेला. दोघांचे हात तिथे वाट बघत राहिले. मग काकूंनी हात हळूच वर घेतला आणि रुमालाला पुसला, जणू काही लागलं होतं. खरं सांगू? डबी सरकल्याचा आवाज मी ऐकला. ती तर कपाटात होती, गच्च भरलेली.

जाताना काकू म्हणाल्या, पुढच्या शनिवारी जमेलसं वाटत नाही. म्हणून हे लिहिते आहे. पातेल्यात मीठ घालणं माझ्याच्यानं होणार नाही, आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर अळणी गिळणंही आता होत नाही. तू ये. बाबांच्या खुर्चीत बस. डबी आता कपाटातून काढून टेबलाखालच्या फळीवर ठेवली आहे. पहिल्यांदा माझ्याकडे सरकव. मी दुसरीकडे बघत असेन.

अजून अळणीच जेवणारी,
तुझीच आई