न मागता बसणं

बाबा,

हिवाळ्याच्या तोंडावरची एक संध्याकाळ हल्ली सारखी आठवते. खास असं काहीच नव्हतं तिच्यात. तुम्ही लखनौच्या चारबाग स्टेशनातलं काम संपवून आलात, दाराशी सायकल लावलीत आणि रेल्वे क्वार्टरच्या त्या अरुंद पॅसेजमधल्या लोखंडी ट्रंकेवर बसलात. पायात बूट, गळ्यात मफलर, डोळे मिटलेले. दादाला पतंगासाठी मांजा हवा होता. तो धावत तुमच्याकडे निघाला, तर आईनं स्वयंपाकघरातूनच त्याला अडवलं. "थांब रे. अजून ते घरी यायचेत." दादा चिडला, "आई, समोर बसलेत ना!" आई म्हणाली, "बसलेत. पण यायचेत." मी तुमच्या बुटांपाशी उकिडवी बसून तुमच्या पापण्यांकडे बघत होते. तुम्ही डोळे उघडलेत तेव्हा विचारलं, "आत काय करता तुम्ही?" तुम्ही हसलात. "दिवसभराच्या गाड्या डोक्यात धावत असतात गं. एकेक यार्डात नेऊन लावतो." मग बूट काढलेत आणि दादाला म्हणालात, "हं, आता बोल. कुठला मांजा?"

त्याला ध्यान म्हणतात हे तेव्हा आपल्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आता जिथे बघावं तिथे ध्यान आहे. फोनवर आहे, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या भिंतीवर आहे. जानकीपुरमच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरही आहे.

तुमच्या जावयांना गेल्या पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. तुम्ही यांना पाहिलंत ते नव्या नोकरीतला, बडबड्या बँकवाला म्हणून. काउंटरवर आलेल्या माणसाच्या गायीम्हशींची चौकशी करणारा. उजवी बाजू हळूहळू सुधारते आहे. यांना समजतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत यायला फार वेळ लागतो. वाट चुकल्यासारखा एकेक शब्द आत कुठेतरी फिरत राहतो. आणि मला, बाबा, वाट बघवत नाही. जन्मभर शाळेत शिकवलं. मुलगा उत्तराला अडला की पुढचा शब्द मी पुरवायचा, ही माझी सवय. यांनी तोंड उघडलं की मी पाणी आणते, उशी सरकवते, पंखा बंद करते. त्यात झोप गेली. छातीत धडधडायचं. रक्तदाबाची गोळी वाढली, आणि डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "थोड़ा मेडिटेशन कीजिए." मी मनात म्हटलं, घरात आजारी माणूस, आणि हे मला डोळे मिटायला सांगताहेत.

यांना बोलायला शिकवायला एक मुलगी येते, बख्शी का तालाबहून, स्कूटीवर. एक दिवस तिनं यांना विचारलं, "अंकल, आज नाश्ते में क्या खाया?" मी म्हटलं, "पोहे." तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "वो यही कह रहे हैं, पोहे." तर ती म्हणाली, "आंटी, वो कुछ नहीं कह रहे. आप कह रही हैं." हे भिंतीकडे बघू लागले. जाताना तिनं मला दाराबाहेर बोलावलं. म्हणाली, हेच महिने कामाचे आहेत. सगळं न बोलता मिळत राहिलं तर अंकल प्रयत्नच सोडून देतील, मग शब्द परत आणणं फार अवघड जाईल. जिना उतरून ती गेली, तरी मी दाराची कडी धरून उभीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले. तिथे वरच्या मजल्यावरच्या भाभी रोज चार बायकांना ध्यानाला बसवतात. जिभेच्या तिखट आहेत, पण मनाच्या मोकळ्या. सतरंजीवर मांडी घालून बसले, डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात त्यांचा आवाज आला. "दीदी, ध्यान कर रही हैं कि भगवान को नोटिस भेज रही हैं? होंठ चल रहे हैं आपके." बाकीच्या बायका खुदखुदल्या. पण खरंच होतं ते. तुम्ही मला सिस्टरांच्या शाळेत घातलंत, तिथे डोळे मिटायचे ते प्रार्थनेसाठी, आणि प्रार्थना म्हणजे हात जोडून नीट इंग्रजीत काहीतरी मागायचं. आधी आजाऱ्यांसाठी, मग परीक्षेसाठी. इतक्या वर्षांनी पापण्या मिटल्याबरोबर माझी यादी सुरू झाली होती. यांचा उजवा हात, यांची वाचा, माझी झोप. मधेमधे "प्लीज" सुद्धा.

भाभींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अच्छा, तो आज कुछ मत माँगिए. साँस आ रही है, जा रही है, बस देखिए. उससे भी कुछ मत माँगिए." मी विचारलं, "और मन भागे तो?" "भागेगा ही. डाँटिए मत, यार, आप स्कूल में नहीं हैं. हाथ पकड़कर ले आइए."

इतकं सोपं, आणि इतकं कठीण. श्वास बघायला बसले की भाजी आठवायची, मुलाचा फोन आठवायचा, अधूनमधून तुम्ही आठवायचात. गुडघे बोंबलायचे. पुढे पुढे मी गच्चीवर जाणं सोडलं आणि यांच्या पलंगाशेजारी जमिनीवरच बसू लागले, हे जागे व्हायच्या वेळेला. मन पळायचं, त्याला परत आणायचं, ते पुन्हा पळायचं. पण मधे कधीतरी छातीतली धडधड कमी झाली. रात्री झोप लागू लागली. मी वाट बघायला शिकत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसांत यांनी एक नवीच खूण सुरू केली होती. डावा हात उचलून खाली दाखवायचे आणि तोंड उघडायचे. मी सपाता पुढे केल्या. हिटर जवळ ओढला. एकदा तर फरशी पुसून घेतली. हे डोळे मिटून घ्यायचे.

परवा सकाळी मी जमिनीवर बसलेली असतानाच तो हात पुन्हा उचलला गेला. सपाता यांच्या पायातच होत्या. माझ्या जिभेवर तीन-चार प्रश्न आले आणि मी ते येऊ दिले, जाऊ दिले, श्वासासारखे. दाराची घंटा वाजली. दूधवाला असणार. मी उठले नाही. यांच्या कपाळावरची शीर दिसत होती, ओठ जुळत होते, सुटत होते. मला रडू येत होतं, तरी मी नुसती बघत राहिले. चेहऱ्यावर घाई दिसू नये, एवढंच सांभाळलं. बाहेरून दूधवाला ओरडला, "अम्माजी, सो गईं क्या?" आणि त्याच वेळी हे बोलले.

"गुडघा." मग बऱ्याच वेळानं, "तुझा. कसा आहे?"

इतके दिवस मी यांना काय हवंय ते शोधत होते, बाबा. यांना काही नकोच होतं. म्हाताऱ्या बायकोला जमिनीवर मांडी घालताना बघून यांना चौकशी करायची होती. बँकवाला आतमध्ये जागेवर होता. मी म्हटलं, "दुखतो." हे पुन्हा शब्द शोधू लागले, मी पुन्हा थांबले, आणि उत्तर आलं, "मग... खुर्ची घे की." आम्ही दोघं हसलो. दूध त्या दिवशी शेजारच्यांनी घेतलं.

बोलायला शिकवणारी मुलगी म्हणते, आता गाडी पुढे जाईल. मलाही तसं वाटतं. काल "खिचडी नको" एवढं झालं, तेही रागानं, आणि मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट भाभींना सांगितलेली नाही, तुम्हाला सांगते. मला ध्यान लागलं असं अजून एकदाही झालेलं नाही. मी नुसती बसते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, माहीत आहे. कपाटात साड्यांखाली ठेवते. कधी मुलाच्या हाती लागलं तर त्याच्यासाठी मागे चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. माझ्या आईचा चांदीचा करंडा सुनेला. माझी काश्मिरी शाल वरच्या भाभींना, त्या नको नको म्हणतील, तरी द्यायची. बोलायला शिकवणाऱ्या मुलीला माझं घड्याळ. घर तुझंच आहे, त्याबद्दल लिहायला नको. पण तू फोनवर "हाँ पापा, समझ गया" म्हणून त्यांचं वाक्य पुरं करतोस ना, ते करायचं नाही. ते अडले की गप्प राहायचं. आणि पलंगाजवळ मी नवी वेताची खुर्ची आणली आहे, ती वाटणीत धरायची नाही. त्यांचं बोलणं संपेपर्यंत जो बसेल, ती त्याची.