पुलावरचा भालेवाला

सर,

तुम्ही गेलात त्याला आता वीसेक वर्षं झाली असतील. मला ते कळलं तेव्हा मी इथेच, दोह्यात होते. भाऊ फोनवर भलत्याच विषयावर बोलत होता आणि मधेच म्हणाला, "अगं, तुझे टायपिंगचे सर गेले. क्लास बंद झाला, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे." मी "अरेरे" म्हणाले आणि बोलणं पुढे गेलं. तेव्हा फारसं काही वाटलं नाही, हे तुमच्यापासून काय लपवायचं. तुमच्याकडे मी एकदा नापास झाले, एकदा पास झाले, त्या सर्टिफिकेटवर नोकरी लागली, मग लग्न झालं आणि कतार. इथे आल्यावर टायपिंगचा संबंध संपला. वाणसामानाची यादी मोबाईलवर लिहायला कुणी दहा बोटं वापरत नाही. तुमची आठवण यावी असं काही कारणच उरलं नव्हतं. ती आली एका व्हिडिओ गेममुळे.

हे काय असतं ते तुम्हाला सांगायला हवं. टीव्हीला एक यंत्र जोडायचं, हातात दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा कंट्रोलर धरायचा आणि पडद्यावरच्या माणसाला चालवायचं, पळवायचं, लढवायचं. त्यातले काही खेळ मुद्दाम अवघड केलेले असतात. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे तसाच एक होता. अंधाऱ्या डोंगरावर एक वाट, वाटेत पायऱ्या, पायऱ्यांवर दोन कुत्री आणि शेवटी एका पुलावर गंजलेलं चिलखत घातलेला, हातात लांब भाला घेतलेला पहारेकरी. त्याचे दोन घाव बसले की आपण मेलो. मेलो की पुन्हा डोंगराच्या पायथ्याशी, एका दिव्याजवळ. पुन्हा पायऱ्या, पुन्हा कुत्री, पुन्हा पूल. काय चुकलं ते खेळ सांगत नाही.

त्या शुक्रवारी दुपारी तिचे बाबा घरी होते. ते एका स्टेडियमच्या कूलिंगच्या कामावर आहेत. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आल्यापासून त्यांना सुट्टी अशी नीट मिळतच नाही, मिळाली की ते सोफ्यावर बसून चहा घेतात आणि समोर जे काही चाललं असेल त्यावर सूचना देतात. "डावीकडून जा ना. अगं, त्याच्या मागून जा." मीही शेजारी बसून म्हणत होते, "जरा दमाने घे." ती मेली. "बाबा, प्लीज," ती म्हणाली. परत गेली, परत मेली. तेव्हा तिचे बाबा हसले. वाईट हेतूने नाही, सहज हसले. तिने कंट्रोलर फरशीवर फेकला. त्याचा कोपरा फुटला आणि प्लास्टिकचा तुकडा सोफ्याखाली गेला. "आय ॲम जस्ट नॉट गुड ॲट एनीथिंग," ती म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

"खलास," बाबा म्हणाले. "हे आता घरात नको." त्यांनी सगळं खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. संध्याकाळी जेवताना तिने शांतपणे सांगितलं की अकरावीला मी मॅथ्स घेणार नाही. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आमच्या घरात बोलणं असंच होतं. बाबा म्हणाले, "जमत नाही म्हणून सोडायचं? मग जमतं काय तुला?" वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनाही ते नको होतं, हे मला दिसलं. पण ते गेलं होतं. त्याआधी तिने स्विमिंग सोडलं होतं, कीबोर्डचा क्लास सोडला होता. मग ती आमच्याशी बोलेनाशी झाली. त्याच आठवड्यात आम्ही कॉर्निशवर, म्हणजे इथल्या समुद्राकाठच्या रस्त्यावर, वर्ल्ड कपचे उलटे दिवस मोजणारं मोठं घड्याळ बघायला गेलो. सगळ्यांचे हसरे फोटो चालले होते आणि आमच्या फोटोत ती समुद्राकडे तोंड करून उभी आहे.

काही दिवसांनी, ती शाळेत आणि ते साइटवर गेल्यावर, मी स्टुलावर चढून ते खोकं खाली काढलं. मला काही जिंकायचं नव्हतं. आपल्या मुलीला रडवतं ते आहे तरी काय, एवढंच बघायचं होतं. यंत्राने विचारलं, कोण खेळतंय? मी नवीन नाव घातलं, म्हणजे तिचा खेळ जिथे होता तिथेच राहिला. पहिल्या दिवशी मी पुलापर्यंत पोचलेच नाही. पायऱ्यांवरून आपली आपणच पडले. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी मारलं. आणि मी, जी आमच्या अल गराफाच्या कंपाउंडमध्ये कुणाला मोठ्याने हाकसुद्धा मारत नाही, ती पडद्यावरच्या कुत्र्याला "मेल्या, थांब की जरा!" असं ओरडले. कंट्रोलर फेकावासा वाटत होता. बाहेर रस्त्याचं खोदकाम चालू होतं, ड्रिलच्या आवाजात माझं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नसेल.

हा राग मी पुढे रोज पाहिला, जरा बाजूला बसून पाहावं तसा. आधी तो खेळावर येतो: हे मुद्दाम केलंय, यात न्याय नाही. मग बोटांवर येतो: कळतंय तर वळत का नाही. यानंतर तो थकून जातो. घरात कोणी नसलं तर लवकरच थकतो. राग गेला की खाली उरतं ते अगदी साधं असतं, मी घाईने बटण दाबलं, त्याने भाला उचलण्याच्या आधीच. बस. त्यानंतर पुन्हा दिवा, पुन्हा पायऱ्या. असंच एकदा दिव्यापाशी उभी असताना मी मोठ्याने म्हणाले, "कागद बदल."

आणि तुम्ही आठवलात. मेन रोडच्या मागच्या गल्लीतला तो वरचा मजला, ओळीने मांडलेली मशीनं, की-बोर्डवर झाकलेली पुठ्ठ्याची टोपी, म्हणजे खाली पाहिलं तरी अक्षर दिसू नये. आम्ही दहाबारा मुलं-मुली एकाच वेळी बडवतोय, ओळ संपली की घंटी वाजते, आणि तुम्ही खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ करून, खालचा रस्ता बघताय. खोडरबर चालायचं नाही तुम्हाला. चूक झाली की तुम्ही न वळताच म्हणायचात, "कागद बदल." कुणाला, ते ज्याचं त्याला कळायचं. एकदा अख्खं पान बिनचूक झालं आणि शेवटच्या ओळीत माझं बोट घसरलं. मी कागद ओढून फाडला आणि दोन्ही मुठी मशीनवर मारल्या. अक्षरांच्या काड्या एकमेकींत अडकून बसल्या. तेव्हा मात्र तुम्ही वळलात. "मशीनने काय केलं तुझं?" तुम्ही विचारलंत. "तू दाबलंस तेच त्याने उमटवलं." मग ब्रश आणि रॉकेलची वाटी माझ्यासमोर ठेवलीत, आणि क्लास सुटला तरी मी एकेक काडी सोडवून पुसत बसले होते. तुम्ही दिवा चालू ठेवून खिडकीपाशीच होतात. मला तेव्हा वाटायचं, तुम्हाला आमचा कंटाळा आलाय. मैत्रीण म्हणायची, सर चहावाल्याची वाट बघतात.

परीक्षेत माझ्या मागे परीक्षक येऊन उभा राहिला. त्याने काही केलं नाही, नुसता उभा राहिला. माझी बोटं लाकडाची झाली. मी नापास झाले. निकालाच्या दिवशी तुम्ही आम्हा तिघा नापासांना खालच्या हॉटेलात नेऊन मिसळ खायला घातलीत. पास झालेली मुलं पेढे घेऊन आली होती, त्यांना तुम्ही "बरं, बरं" म्हणून वाटेला लावलंत. आमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, आम्हाला कसली पार्टी?" तुम्ही म्हणालात, "त्यांना घरी करतील कौतुक. तुम्हाला आज घरी कोण विचारणार आहे? रस्सा घ्या अजून." इथे एका हॉटेलात रविवारी मिसळ मिळते. बरी असते.

एके दिवशी वळवलेल्या रस्त्यांमुळे शाळेची बस लवकर सुटली. इथे त्या वर्षांत काल होता तो रस्ता आज असेलच असं नव्हतं, सगळीकडे नारिंगी शंकू आणि बाण. मला दार उघडल्याचं कळलं नाही. मी पुलावर होते. मागून आवाज आला, "आई?"

मी कंट्रोलर लपवायला गेले आणि मेले.

ती दप्तर न काढता तशीच उभी. मग हसत सुटली. "वेट, व्हॉट? तू खेळतेस? हाउ लाँग?" मी म्हटलं, "असंच, बघत होते." "नो नो, परत जा. मला बघायचंय." ती सोफ्यावर बसली, बरोबर आम्ही बसायचो तिथे. मी पायऱ्या चढले. "आई, यू आर पॅनिकिंग. वेट फॉर हिम. डावीकडे! आई, लेफ्ट! ओ माय गॉड." माझी बोटं लाकडाची. भाला बसला. "तू जरा गप्प बसशील का?" मी ओरडले, आणि आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले.

ती चिडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "सी? दॅट्स व्हॉट यू गाइज डू."

मला तुमची पाठ दिसली, सर. तुम्हाला चूक आवाजावरूनच कळायची आणि तरी तुम्ही रस्ता बघत राहायचात, ते का, हे मला इतक्या वर्षांनी, अल गराफातल्या हॉलमध्ये, गंजलेल्या चिलखताच्या माणसासमोर कळलं. तुम्ही हे ठरवून करत होतात की तुमचा स्वभावच तसा होता, ते आता विचारता येणार नाही.

त्या दिवसानंतर खोकं परत कपाटावर गेलं नाही, आणि मी घरात एक नियम केला. ती खेळत असताना हॉलमध्ये कुणी बसायचं नाही, कुणी बोलायचं नाही. आमचं स्वयंपाकघर हॉलला लागूनच उघडं आहे, त्यामुळे मी ओट्याकडे तोंड करून कामाला लागायची. पाठ फिरवणं फार अवघड असतं, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. मागे ती मरते, मला आवाजावरून कळतं, कुत्र्याने की भाल्याने तेही कळतं, आणि मान वळवायची नाही. कणकेचा गोळा मी इतका मळायची की पोळ्या रबरासारख्या व्हायच्या. एका दुपारी तिचे बाबा लवकर आले. "अजून तेच?" त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात मी त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली आणि त्यांना माझ्याशेजारी उभं केलं. आम्ही दोघं भिंतीच्या टाइल्सकडे बघत उभे.

"किती वेळ असं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही."

"तिचं चुकतंय. मी एकदाच सांगतो."

"नाही सांगायचं."

त्यांनी कोथिंबीर निवडली. देठ ठेवले आणि पानं टाकली, पण मी काही बोलले नाही. मागे पुन्हा पायऱ्या, कुत्री, मग पुलावरचा वारा. मग पुष्कळ वेळ नुसती लोखंडाची खणखण, आणि मग काहीच नाही. मरताना वाजतो तो आवाजही नाही. बाबांनी माझं मनगट धरलं. आम्ही वळलो नाही. ती स्वतः आत आली, फ्रिज उघडून पाणी प्यायली आणि म्हणाली, "झालं."

"काय झालं?" त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं.

"तो. ब्रिजवाला." मग बाबांच्या हाताकडे बघून, "बाबा, तुम्ही पानं फेकताय."

तिने मॅथ्स ठेवलं. खेळामुळे ठेवलं असं मी म्हणणार नाही, बाबांनी तिची माफी मागितली होती, शाळेत एक चांगल्या बाईही आल्या होत्या. मार्क बेताचेच पडतात, वही अजूनही आपटते, पण मग थोड्या वेळाने ती उचलते. आता रस्ते बरेचसे पूर्ण झालेत, उंच इमारतींवर खेळाडूंची मोठमोठी चित्रं लागलीत, तिच्या बाबांच्या स्टेडियमचं हँडओव्हर इन्शाल्ला होईल असं ते रोज म्हणतात. मी सकाळी घरात एकटी असते. हे पत्र मी त्या वेळात लिहिलं. कुठल्या पेटीत टाकायचं, हा प्रश्न नाही, कारण टाकायचं नाहीच आहे.

फक्त एक राहिलं. तो पहारेकरी पडला त्या दिवशी जेवताना तिने मला विचारलं, "आई, तुझं कुठपर्यंत आलंय?" मी म्हणाले, "मला कुठे जमतंय गं ते." तिने माझ्या हातावर थोपटलं. "इट्स ओके, आई." तिला तेव्हा जे वाटत होतं ते पूर्ण तिचंच असावं, असं मला वाटलं. हल्ली वाटतं, आपल्या आईलाही जमतं, हे मुलीला कळायला हवं होतं की काय. मला ठरवता येत नाही, आणि आता सांगायची वेळही गेली. पण त्याआधीच्या आठवड्यात, भर सकाळी, घरात कुणी नसताना, मी पुलावर उभी राहिले, त्याने भाला उचलेपर्यंत थांबले, आणि तो पडला. मी तशीच अनवाणी अंगणात गेले, फरशी तापलेली होती, पाय भाजले म्हणून आत आले आणि डाळ चढवली. कुणालाही सांगितलं नाही.

मी त्याला हरवलं, सर. तिच्या आधी.