कालव्यावरची सायकल

आबा, आज मी सायकलवरून पडले. पन्नाशी उलटलेली बाई, लेकीकडं सिंगापुरात, चार लोकांदेखत. गुडघा सोललाय. राग तुमचा येतोय, म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, वाकडीच येणार. का चौथीपर्यंतची, ते तुम्हाला ठाऊक आहे.

लेकीनं रविवारची सहल काढली. इथं शहराच्या मधोमध नदी आहे, दोन्ही काठ दगडानं बांधलेले, अस्तर केलेल्या कालव्यासारखे. काठानं जुनी गोदामं, त्यांत आता हॉटेलं. अर्धी सहल सायकलवर, अर्धी होडीत. "आई, मुद्दाम तुझ्यासाठी काढलीय, तू तर कालव्यावर वाढलीस." मीच तिच्या डोक्यात भरवलेलं. ती पाचवीत असताना हायस्कूल लांब पडायचं आणि ही सायकलला घाबरायची. रोज रडं. एकदा दटावलं, "तुझ्याएवढी होते तेव्हा मी तुझ्या आजोबांची भाकरी कालव्याच्या भरावावरून सायकलवर न्यायचे. एकीकडं पाणी, एकीकडं खड्डा. आणि तू सपाट रस्त्यावर रडतेस?" पोरीनं डोळे पुसले आणि बसली सायकलवर. त्या सायकलवर हायस्कूल झालं, पुढं कॉलेज, आता इथल्या चांगी भागात कंपनीत साहेबीण आहे. मी भाकरी कशी न्यायचे ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत.

तुम्ही पाटकरी. पाण्याची पाळी सुटली की आठ-आठ दिवस कालव्याच्या दारावर. कुणाच्या चारीला किती पाणी ते तुम्ही बघणार. दार सोडून हललात तर लोक एकमेकांची डोकी फोडणार. म्हणून भाकरी मी न्यायची. थोरला भाऊ शाळेत, मी भरावावर. पाळी चालू की माझी शाळा बंद, आणि मग एकदा बंद झाली ती झालीच. दीड कोस चालत यायचे, आणि तुमची सायकल तिथं बाभळीला टेकून उभी. एकदा तुम्ही दाराचं चाक फिरवत होता, मी ती घेतली, दांडीखालून पाय घातला, दोन पायडलं मारली. तुम्ही ओरडलात, "ठेव ती! सरकारी आहे. पोरीच्या जातीनं सायकलवर बसायचं नसतं." सरकारी होती तर थोरला तीवर बाजाराला कसा जायचा? तेव्हा विचारायची टाप नव्हती. आज विचारते. त्या दिवाळीला तुम्ही मला टायरच्या चपला आणल्यात. "आता पाय भाजायचे नाहीत," म्हणालात. मी गल्लीभर नाचले, येडी. चपला दिल्या म्हणजे चालणं पक्कं केलंत, हे कळायला एवढी वर्षं गेली.

तर आज सकाळी. सहलवाला चिनी म्हातारा सायकल धरून उभा आहे, विचारतोय, "आंटी, कॅन?" म्हणजे जमेल का. नात मध्येच ओरडते, "आज्जी कॅन लाह! आज्जी प्रो!" झालं, बसले. चार हात गेले असेन नसेन, थेट फुलांच्या कुंडीत. जावई धावत आले, "लागलं का आई?" नात म्हणाली, "आज्जी, यू कान्ट सायकल, इझ इट?" लेकीनं नवऱ्याला आणि पोरीला सायकलवर पुढं धाडलं आणि मला घेऊन होडीत बसली.

"तुला येतच नव्हती ना? कधीच?"

"नाही."

"मग मला शिकवलीस कशी?"

"मागून धरून पळत होते. पळायला सायकल यावी लागत नाही."

हसली. मग हसू गेलं. "आई, अगं मी हे सगळ्यांना सांगत फिरते. ऑफिसात भाषण केलं होतं मी तुझ्या भाकरीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या!"

"मग? आता काय टाळ्या परत करतेस?"

होडी पुलाखालून जात होती. लेक सांगत होती, पुढं समुद्राच्या तोंडाशी धरण आहे, त्याची दारं बटणावर उघडतात. मी म्हटलं, बरं आहे, कुणाच्या पोरीला भाकरी न्यायला नको. तिला ते समजलं नाही. पण पोरगी चिवट आहे, मुद्दा सोडत नाही. "आजोबांकडं तर सायकल होती. त्यांनी का नाही शिकवली?"

हीच वेळ होती, आबा. चाळीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं. चपला, शाळा, थोरला, सगळं. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "ते शिकवत होते गं. मीच भित्री."

"बिचारे आजोबा," ती म्हणाली.

बिचारे! तुम्ही बिचारे आणि मी भित्री. एक खोटं आज उघडं पडलं, ते गार व्हायच्या आत दुसरं घातलं, तेही तुमच्यासाठी. घरी आल्यापासून भांडी आपटतेय. लेक विचारते, "आई, गुडघा दुखतोय का?" हो म्हणते.

हा कागद तिच्या हाती लागायच्या आधी फाडणार आहे. तिला खरं सांगणार नाही, आज नाही, उद्याही नाही. कारण, खरं सांगू? ती 'बिचारे आजोबा' म्हणाली ना, तेव्हा मला बरं वाटलं.