कालव्यापलीकडचा कचरा

प्रिय मोहिनूर,

तुला एक आजी होती, आठवते का? नाकावर तीळ, गुडघे कुरकुरणारे आणि तोंडाला कुलूप नसलेली. कझानला जाऊन विसरली असशील, तर तुझ्या आईला विचार. पत्र तीच लिहिते आहे, मी नुसती बोलते. शाळेच्या वयात माझ्या हातात पाटीऐवजी कापूस आला, त्यामुळे सानोबार काय गाळते नि काय घालते हे मला कळायचं नाही. म्हणून दर चार ओळींनी तिला वाचून दाखवायला लावते. आत्ता तिने उसासा टाकला. तोही लिही म्हटलं.

तुझ्या बापाने मला सोयबुईतल्या आपल्या जुन्या घरातून उचलून कालव्यापलीकडे यांगिओबोदला आणलं, हे तुला फोनवर कळलंच आहे. मधे एक पूल काय तो, पण पूल ओलांडला की शहर दुसरं, हवा दुसरी, माणसांची नाकं दुसरी. येताना बोचक्यात दोन झगे, चहाची किटली आणि तुझा नान आणला. निघताना दारात उभी राहून तू ज्याचा एक घास तोडलास, तो. बाकीचा परत येऊन तूच खायचा, तोवर तो भिंतीवर टांगलेला तुझी वाट बघणार. इथे खिळा ठोकताना इल्होम कुरकुरला, भिंत नवी आहे म्हणे. मी म्हटलं, पोरगी तुझी जुनीच आहे ना, ठोक. रोज सकाळी डोळा उघडला की आधी त्या नानकडे बघायचं, मग चहा. तू परत येशील की नाही हे तुझी आई देवाला विचारायची, मी नानला.

आता इथला कचरा सांगते, नाक धर. आपल्याकडे मेहमूद ट्रॅक्टर घेऊन यायचा, भोंगा वाजला की बायका बादल्या घेऊन गल्लीत. बादल्यांच्या आधी पोटातल्या बातम्या रिकाम्या व्हायच्या. टरबुजाची सालं मेंढ्यांना, राख वाफ्यात, शिळ्या नानचे तुकडे पिशवीत घालून भिंतीला टांगायचे, ते तोजिबोय गाईसाठी न्यायचा. अन्न कचऱ्यात टाकायचं नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बादलीत उरायचा तो एखादा फुटका पेला आणि झाडलोट. इथे सगळं एका काळ्या पिशवीत कोंबून गाठ मारायची. कालचं मांस, बाळाचे लंगोट, माशाची डोकी, सगळी एका पोटात. पिशवी जिन्यात ठेवायची नाही, वेळेआधी खाली न्यायची नाही, वेळेनंतरही नाही. तोवर ती आपल्याबरोबर बाल्कनीत नांदते. उन्हाने ती फुगते ग, दिवस भरलेल्या बाईसारखी. तिच्या बुडातून जे गळतं त्याचा रंग मी सांगितला, पण तुझ्या आईने लिहायला नकार दिला. तिला ओकारी येते म्हणे. मला काय अत्तर वाटतं?

शिवाय कुंपणाला काही लटकवायचं नाही. मी तुकड्यांची पिशवी टांगली, तर इमारतीची प्रमुख झुमरद खालूनच ओरडली, "आजी, हा काय गोठा आहे?" म्हटलं, "बाई, गोठ्याला असा वास नसतो." त्यावर ती हसली नाही. इथे कुणी हसत नाही, तोंड उघडलं तर वास आत जाईल.

आणि तुझ्या बापाचा पराक्रम ऐक. जुनी गादी टाकायची तर इथे आधी कळवायचं, मग ते कधी येतील तेव्हा येतील. साहेबांना धीर कुठला? पहाटे गादी गाडीवर बांधली, पूल ओलांडला आणि आपल्याच गल्लीच्या तोंडाशी टाकून आला. जिथे रांगला तिथे! मेहमूदचा फोन आला, "काकी, तुमची गादी माहेरी आली आहे. तिला परत पाठवू, की चार दिवस राहू दे?" मला भूमीने पोटात घ्यावं असं झालं. अर्धं यांगिओबोद असंच करतं म्हणे. स्वतःचं अंगण चकचकीत, घाण शेजारच्या शहरात.

पुढचं लिहिताना सानोबार थांबली आहे. लिही ग बाई, तुला कुणी सुळावर देत नाही.

नवरोझच्या सणाआधी तिने घर धुवायला काढलं. तुझ्या नानभोवतीचं फडकं मळलं होतं, ते धुवायचं म्हणून तिने नान स्वच्छ पिशवीत घालून बाल्कनीत ठेवला. शेजारी शिळ्या तुकड्यांची पिशवी. सकाळी इल्होमने दोन्हीत तुकडेच समजून त्या उचलल्या आणि माझं मन राखायचं म्हणून, झुमरदला चुकवून, कुंपणाला टांगल्या. आपल्याकडे असतं तर काही बिघडलं नसतं. तोजिबोय तुकडा न् तुकडा बघूनच गाईपुढे टाकतो. एकच घास तोडलेला नान दिसला असता, तर थाळीत घालून, दोन्ही हातांनी धरून दारात आला असता आणि विचारलं असतं, कुणाचं लेकरू वाटेवर आहे?

इथे कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाने कुंपणावरून पिशव्या ओढल्या आणि आत भिरकावल्या. मी बाल्कनीतून बघितलं. मोज्यांवरच खाली धावले. गुडघे कुठे होते कोण जाणे. म्हटलं, "बाळा, थांब, त्यात माझ्या नातीचा नान आहे." तो म्हणाला, "आजी, गाडीत गेलं त्याला नाव नसतं." वाईट बोलला नाही, दमलेला होता. तेवढ्यात तो लोखंडी जबडा मिटला. ट्रॅक्टर असता तर मी वर चढून शोधला असता, पण ही गाडी चावते. लंगोट, माशाची डोकी आणि तुझा नान एकत्र चावला तिने. वरून काळं पाणी माझ्या मोज्यांवर पडलं. मोजे फेकले. पाय अजून धुते.

फोनवर हे सांगितलं नाही, कारण तिथे हो-ला-हो करून तू विषय बदलतेस. घरी कधी येणार विचारलं की तिकडची थंडी सांगतेस. तिथे कुणीतरी आहे हे मला कळतं, अक्षरओळख लागत नाही त्याला. तुझ्या आईला वाटतं, तुझी परतीची वाट तिच्याच हातून तुटली. जेवत नाही धड. हे ती लिहिते आहे आणि कागद ओला करते आहे. म्हणून हे पत्र. शोवकत जर्दाळूचा ट्रक घेऊन तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबरच पाठवते, आणि तो रिकामा परतणार आहे. त्याच्याकडे एक नान दे. तिकडचा कसलाही चालेल, पण गोल, आणि आत बटाटा-बिटाटा नको, मुंग्या लागतात. यायचं मनात असेल तर सुरी न लावता, स्वतःच्या दातांनी एक घास तोडून पाठव. नसेल, तर अख्खाच पाठव. आम्ही दोघी तो चहात बुडवून खाऊ आणि तुला बोल लावणार नाही.

तुझीच,
खिळा रिकामा बघत बसलेली आजी