न दिलेलं नाव

दिल्ली, ता. ८ ऑक्टोबर १९७३

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. एका मराठी कुटुंबाच्या माडीवर खोली मिळाली. तू दिलेली शेंगांची चटणी घरमालकांच्या मुलांनीच संपवत आणली आहे.

नोकरीचं म्हणशील तर, खातं कसलं ते तुला ठाऊक आहे. पत्रात लिहीत नाही. फौजेत पंधरा वर्षं वायरलेसवर बसलो तेव्हा गुप्त कामाची परवानगी होती. निवृत्त झालो तशी ती संपली. पुढची सात वर्षं सोलापुरात रेडिओ दुरुस्त करण्यात गेली, तेव्हा आता माझी सगळी चौकशी नव्याने होणार. ती होईपर्यंत आतल्या दालनात पाऊल टाकायचं नाही. बाहेर बसून कन्नड आणि उर्दू वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवतो. पंचविशीतली पोरं पास दाखवून आत जातात आणि मी एकेचाळीस वर्षांचा माणूस त्यांच्या पाठीकडे बघत राहतो. शिवम्माने निघताना बायकोच्या हक्काने विचारलं होतं, या वयात हा उद्योग कशाला. कधीकधी तिचं पटतं.

घरी कुणी चौकशीला आलं तर घाबरू नका. दोघींनी तब्येती सांभाळा.

तुझा,
शिवयोगी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
शुक्रवार पेठ, सोलापूर, ता. १७ ऑक्टोबर

चि. शिवयोगीस काशम्माचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिवम्मानं वाचलं, मग मी वाचलं, मग चूल पेटवायची सोडून ती परत वाचत बसली. तिचं काही मनावर घेऊ नकोस. तू गेल्यापासून बंद दुकानाची पायरी ती रोज झाडते.

बाहेर बसायची लाज कसली रे तम्मा? फौजेतून आलास तेव्हा दुकानबी जमणार न्हाय म्हणत होते सगळे. पेठेत तुझा हात लागला न्हाय असा एक तरी रेडिओ हाय का? थोडा दम धर की.

एक विचारते. तुझ्या अर्जात घरच्या माणसांचंबी लिहावं लागतं का? लागत असंल तर माझ्याविषयी काय लिहिलंस ते कळव.

थंडीचं डोक्याला गुंडाळत जा. माया आहेच.

तुझी अक्का


दिल्ली, ता. १४ नोव्हेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचताना बसून घे. काल साहेबांनी भेटायला बोलावलं. जवळच्या नातलगाला कधी अटक झाली होती का, या प्रश्नाला मी नाही असं लिहिलं होतं. सख्ख्या बहिणीची अटक विसरलात काय, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, नावाचा घोटाळा असेल. पण गुलबर्ग्याहून आलेल्या माहितीत दाजींचं नाव, तुझं सासरचं गाव, सगळं बरोबर आहे. अठ्ठेचाळीस साली निजामाच्या पोलिसांनी तुला हेरगिरीच्या संशयावरून धरलं होतं.

अक्का, तेव्हा मी सोलापुरात बोर्डिंगात होतो. तुला विषमज्वर झालाय, भेटायला येऊ नकोस, असा निरोप आला होता. मी देवाला नवस बोललो होतो!

साहेब म्हणाले की अटकेचं काही नाही, लपवलंत त्याचं वाईट दिसतं. त्यांचा अधिकारी तुझ्याकडे येईल. कुणासाठी, कुणाबरोबर, सगळं सांगावं लागेल. नाहीतर मी परत सोलापूरला.

मला एवढंच कळव, हे खरं आहे का?

शिवयोगी


सोलापूर, ता. २० नोव्हेंबर

चि. शिवयोगीस अनेक आशीर्वाद.

व्हय, ती मीच.

माझं सासर निजामाच्या हद्दीत आणि माहेर मैंदर्गी अलीकडं. सासुरवाशीण मान खाली घालून माहेरी निघाली तर तिला कोण अडवतो? रझाकारांचं ठाणं कुटं, माणसं किती, बंदुका कधी येणार, हे सगळं डोक्यात ठेवून मी यायची आणि सांगोल्याचे हिंदुराव निजामाशी लढणाऱ्यांच्या हद्दीवरच्या छावणीत होते, त्यांना सांगायची. जे काम तू आता शिकायला निघालास, ते तुझ्या अक्कानं पंचविशीच्या आत केलंय. हसू नकोस.

पण बातम्या माझ्या न्हवत्या. गावातली एक बाई ठाण्यावर भाकरी थापायला जायची, ती मला सांगायची. मला धरलं, लई मारलं, पण तिचं नाव घेतलं न्हाय. पुढं निजामाचं राज्य गेलं नि मी सुटले. ती मात्र अजून त्याच गावात हाय आणि ज्यांच्याविरुद्ध तिनं सांगितलं, त्यांचीच पोरं-नातवंडं तिच्या शेजारी राहतात. तिला मी शब्द दिलाय. दाजींना माझी अटक ठाऊक होती, पण संशय खरा होता हे शेवटपर्यंत ठाऊक न्हवतं. गेल्या साली ताम्रपट वाटले तेव्हा हिंदुराव सांगायला आले होते, त्यांनाबी मी न्हाय म्हटलं.

आता तिला विचारल्याशिवाय तोंड उघडणार न्हाय. उद्याच्या एसटीनं जाते. तुझ्या साहेबाला थांबव.

तुझी अक्का


सोलापूर, ता. २ डिसेंबर

चि. शिवयोगीस आशीर्वाद.

मी जाऊन आले. ती आता थकलीय, पण मला आवाजावरून ओळखलं. दोघी लई रडलो, मग हसलो. ज्यांच्याविरुद्ध तिनं सांगितलं, त्या पाटलांच्याच भावकीत तिची नात द्यायची ठरलीय. ती म्हणाली की तुझं तू खुशाल सांग, माझं नाव तेवढं राहू दे.

परवा तुझा अधिकारी आला. मी सगळं सांगितलं. हिंदुरावांना निरोप धाडला होता, तेबी काठी टेकत आले आणि माझ्या बातमीवर छावणीतली माणसं कशी वाचली ते त्यांनी सांगितलं. अधिकाऱ्यानं त्या बाईचं नाव विचारलं. हिंदुराव म्हणाले, मला ठाऊक न्हाय, मी तेव्हाबी विचारलं न्हवतं. मग त्यानं मला परत परत विचारलं. शेवटी म्हणाला की भावाची नोकरी यावर अडेल. मी म्हटलं, भावाला मी वाढवलंय, त्याचं मी बघून घेईन. पण ती बाई माझ्या भरवशावर त्या गावात राहतेय.

तो वही मिटून उठला. शिवम्मानं आणलेला चहाबी तसाच राहिला.

तम्मा, तुझं काम मी मोडलं असंल. रागवायचं तर मोकळेपणानं रागव. शिवम्मा तेव्हापासून माझ्याशी बोलत न्हाय.

अक्का


दिल्ली, ता. ९ जानेवारी १९७४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज मी आत गेलो.

सकाळी साहेबांनी बोलावून अधिकाऱ्याच्या अहवालाचा शेवट वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की बाईंनी एक नाव सोडून सर्व सांगितलं आणि ते नाव त्यांनी मला दिलं असतं, तर या घरातल्या माणसाची शिफारस मी केली नसती. साहेबांनी मला विचारलं की ते नाव तुम्हाला माहीत आहे का. मी नाही म्हणालो. बहिणीला विचाराल का, असं म्हणाले. कधीच नाही, असं मी सांगितलं. त्यांनी शिपायाला हाक मारली आणि माझा पास मागवला.

रागवायचं काय घेऊन बसलीस? फौजेत कवायतीला सगळ्या पलटणीसमोर माझं नाव घेतलं होतं, तेव्हाही माझी छाती एवढी भरली नव्हती. शिवम्माला हे वाचून दाखव आणि आज तिच्या हातचं गोड करून खा.

यापुढे कामाविषयी काहीच लिहिणार नाही. कुणी विचारलं तर कारकुनी करतो म्हणून सांग.

तुझ्या पायांवर डोकं,
शिवयोगी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ता. १७ जानेवारी

चि. शिवयोगीस काशम्माचे भरभरून आशीर्वाद.

शिवम्मा बोलायला लागली. गोड म्हणून गव्हाची हुग्गी केली होती, तुझ्या वाटणीची मीच खाल्ली.

काल दोघी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलो. पेठेतल्या बाया भेटल्या. तुझी चौकशी केली. मी कारकुनी म्हणून सांगितलं. तशी एकजण हळहळली, चांगलं चालतं दुकान सोडून या वयात कारकुनी, नशीब म्हणायचं. शिवम्माचा चेहरा तांबडा झाला, पण शहाणी पोर गप्प राहिली. मी मान खाली घालून म्हटलं, व्हय की, काय करणार, पोटासाठी.

तम्मा, मान खाली घालण्यात एवढं सुख असतं, हे मला लई वर्षांनी परत कळलं.

पत्र दोनच ओळींचं आलं तरी चालंल. माया तेवढी राहू दे.

तुझी अक्का